कामाच्या ठिकाणचे प्रशिक्षण ऑनलाइन झाल्यावर प्रत्यक्ष कौशल्याची खात्री कशी करावी?

प्रश्न : प्रशिक्षण_समन्वयक

नमस्कार. मी एका उत्पादन कंपनीच्या प्रशिक्षण विभागाचे काम पाहते. २०२० मध्ये महासाथीमुळे वर्ग बंद करावे लागले, तेव्हा आमचे बहुतेक प्रशिक्षण घाईघाईने ऑनलाइन नेण्यात आले आणि त्या वेळी दुसरा मार्गही नव्हता. निर्बंध उठल्यावर मात्र काही विषय वर्गात परत आणण्याऐवजी उरलेले विषयही ऑनलाइन करण्याचा निर्णय व्यवस्थापनाने घेतला. आता नव्या कर्मचाऱ्यांचे इंडक्शन, वार्षिक सुरक्षा प्रशिक्षण, यंत्राच्या दुरुस्तीपूर्वी ऊर्जा बंद करून तिथे कुलूप व सूचनेची पट्टी लावण्याची लॉकआउट-टॅगआउट पद्धत, गुणवत्ता तपासणी आणि नव्याने सुपरवायझर झालेल्यांसाठीचा संवादकौशल्याचा कार्यक्रम, हे सर्व एकाच एलएमएसवर (ऑनलाइन प्रशिक्षण चालवणाऱ्या आणि त्याच्या नोंदी ठेवणाऱ्या प्रणालीवर) मॉड्यूलच्या रूपात उपलब्ध आहे.

कागदोपत्री सारे उत्तम दिसते. प्रवास आणि निवासाचा खर्च वाचला, वेगवेगळ्या शाखांतील लोकांना एकच मजकूर मिळू लागला आणि जवळजवळ प्रत्येकाच्या नावापुढे ‘पूर्ण’ अशी नोंद आहे. शॉप फ्लोअरवरचे सुपरवायझर मात्र वेगळेच सांगतात. लॉकआउटच्या मॉड्यूलमध्ये चांगल्या गुणांनी उत्तीर्ण झालेल्या व्यक्तीला आपल्याच यंत्राजवळ उभे करून ‘वीज बंद केल्यावरही या यंत्रात कुठे ऊर्जा साठून राहते?’ असे विचारले, तर उत्तर येत नाही. बरेच जण व्हिडिओ आवाज बंद करून चालू ठेवतात, ‘पुढे’ हे बटण दाबत राहतात आणि शेवटच्या प्रश्नांची उत्तरे जमेपर्यंत चाचणी पुन्हा पुन्हा देतात. त्यांना मी दोष देत नाही, कारण हे प्रशिक्षण बहुतेकांनी कामाच्या धबडग्यात, मिळेल त्या फटीत उरकलेले असते.

ऑनलाइन प्रशिक्षणाला माझा विरोध नाही आणि सगळे पुन्हा वर्गात न्यावे असेही मला वाटत नाही. कोणता विषय ऑनलाइन ठेवावा आणि कोणता प्रत्यक्षच शिकवावा, हे कोणत्या कसोटीवर ठरवावे? ‘पूर्ण’ या नोंदीपलीकडे जाऊन माणसाला काम येते की नाही, हे कसे तपासावे? आणि ऑनलाइन शिकूनही तेवढेच येते असे संशोधनाने सिद्ध झाले आहे, असे व्यवस्थापन म्हणते, त्याला काय उत्तर द्यावे? ज्यांनी या स्थित्यंतराचे काम केले आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

प्रतिसाद १ : अभ्यासक्रम_रचनाकार

आपल्या प्रश्नातील शेवटचा भाग आधी घेतो, कारण व्यवस्थापनाचे म्हणणे चुकीचे नाही, ते अर्धवट आहे.

शिकणे घडते ते शिकवण्याच्या पद्धतीमुळे, ती पद्धत ज्या माध्यमातून पोहोचते त्यामुळे नव्हे, असे रिचर्ड क्लार्क यांनी १९८३ मध्येच मांडले होते. पुढे २००६ मध्ये ट्रेसी सिट्झमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ९६ अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण प्रसिद्ध केले. माहिती सांगता येण्याच्या बाबतीत वेबवरील शिक्षण वर्गापेक्षा किंचित सरस ठरले, एखादी गोष्ट कशी करायची याच्या ज्ञानात दोन्ही बरोबरीचे निघाले आणि जिथे दोन्हीकडे शिकवण्याची पद्धत सारखी होती तिथे माहितीतला तो फरकही उरला नाही. व्यवस्थापन बहुधा एवढेच वाचून थांबते. त्याच विश्लेषणात असेही दिसले की शिकणाऱ्याने शिकतानाच सराव केला आणि त्याला अभिप्राय मिळाला, तर वेबवरील शिक्षण अधिक परिणामकारक ठरते. अमेरिकेच्या शिक्षण खात्याच्या २०१० मधील अहवालातही वर्ग आणि ऑनलाइन यांची सांगड घातलेल्या अभ्यासक्रमांचे निकाल निव्वळ वर्गातील शिक्षणापेक्षा चांगले आढळले. अर्थात अशा अभ्यासक्रमांत शिकणाऱ्यांना बहुतेक वेळा जास्तीचा वेळ आणि जास्तीचे साहित्यही मिळाले होते, हेही त्याच अहवालात नमूद आहे.

आता आपल्याकडे काय झाले ते या प्रकाशात पाहा. वर्गातल्या प्रशिक्षणात प्रशिक्षकाचे बोलणे हा एक भाग होता. त्याखेरीज तो कुलूप हातात देऊन लावायला सांगत असे, चुकले की तिथेच थांबवत असे, कोणीतरी आपल्या विभागातली अडचण मांडत असे आणि त्यावर चर्चा होत असे. ऑनलाइन नेताना स्लाइड आणि निवेदन एवढेच नेले गेले. सराव आणि अभिप्राय कुठेच नेले गेले नाहीत, आणि ते बाजूला पडले हे कोणाच्या लक्षातही आले नाही, कारण ते कोणत्याही स्लाइडवर लिहिलेले नव्हते. म्हणून व्यवस्थापनाशी वाद घालताना ‘वर्ग की ऑनलाइन’ असा प्रश्न मांडू नये. ‘पूर्वीच्या प्रशिक्षणातील सराव आता कोण, कुठे आणि केव्हा करून घेतो?’ असा प्रश्न मांडावा. याचे उत्तर टाळता येत नाही.

कसोटीबद्दल बोलायचे तर प्रत्येक विषय अखंड कोणत्या तरी एका बाजूला टाकण्याऐवजी त्याचे आतून तुकडे करावेत. ज्या तुकड्यात जाणून घ्यायचे आहे तो ऑनलाइन जाऊ शकतो. ज्यात हाताने करायचे, समोरच्या परिस्थितीवरून ओळखायचे किंवा माणसाशी बोलायचे आहे, त्याला प्रत्यक्ष सरावाची आणि पाहणाऱ्या डोळ्यांची गरज असते. फोर्कलिफ्टसारख्या वाहनांच्या चालकांसाठीचा अमेरिकेतील सुरक्षा नियम मला या दृष्टीने फार नेटका वाटतो. त्यात प्रशिक्षणाचे तीन घटक सांगितले आहेत : औपचारिक शिक्षण, प्रात्यक्षिक आणि कामाच्या जागी चालकाच्या कामगिरीचे मूल्यमापन. पहिल्या घटकात व्याख्यान, व्हिडिओ किंवा संगणकावरील संवादात्मक शिक्षण यांपैकी काहीही चालते, परंतु त्याने उरलेले दोन घटक भरून निघत नाहीत. शिवाय किमान दर तीन वर्षांनी चालकाचे पुन्हा मूल्यमापन करावे लागते. हा आराखडा आपल्या लॉकआउटच्या विषयाला जवळजवळ जसाच्या तसा लागू पडेल.

मॉड्यूलच्या शेवटी लगेच घेतल्या जाणाऱ्या चाचणीविषयीही सावध राहावे. हर्मान एबिंगहाउस यांनी स्वतःवर प्रयोग करून १८८५ मध्ये दाखवले की पाठ केलेल्या गोष्टी विसरण्याचा वेग सुरुवातीच्या काही तासांत सर्वाधिक असतो आणि नंतर मंदावतो. त्यांनी निरर्थक अक्षरसमूह पाठ केले होते, त्यामुळे त्यांचे आकडे कामाच्या अर्थपूर्ण माहितीला जसेच्या तसे चिकटवणे योग्य नाही. पण मजकूर डोळ्यांसमोर असताना दिलेले उत्तर महिन्याभराने आठवेलच असे नाही, हे त्यातून नक्की कळते. रोडिगर आणि कार्पिके यांच्या २००६ मधील प्रयोगात विद्यार्थ्यांच्या एका गटाने उतारा पुन्हा वाचला आणि दुसऱ्याने तो न पाहता आठवून लिहिला. पाच मिनिटांनंतरच्या चाचणीत पुन्हा वाचणारे पुढे होते, तर आठवड्यानंतरच्या चाचणीत आठवून लिहिणारे पुढे गेले. म्हणजे चाचणी हे मोजण्याचे साधन आहेच, पण ती योग्य अंतराने घेतली तर शिकवण्याचेही साधन आहे. मोठ्या चाचणीऐवजी दोन-तीन प्रश्न काही दिवसांनी, मग काही आठवड्यांनी पाठवावेत आणि उत्तर चुकल्यास का चुकले तेही तिथेच सांगावे.

मॉड्यूलच्या रचनेविषयी थोडेच लिहितो. पडद्यावरचा मजकूर निवेदकाने जसाच्या तसा वाचून दाखवू नये, कारण रिचर्ड मेयर यांच्या प्रयोगांत अशा दुहेरी मजकुराने शिकणे सुधारण्याऐवजी बिघडते असे दिसले आहे. व्हिडिओ लहान ठेवावेत. २०१४ मध्ये एडएक्स या ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या संकेतस्थळावरील व्हिडिओ पाहण्याच्या लाखो नोंदी तपासल्या गेल्या, तेव्हा व्हिडिओ कितीही लांब असला तरी लोक तो साधारणपणे सहा मिनिटांच्या पुढे पाहत नसल्याचे आढळले. आणि ‘माणूस वाचलेले दहा टक्के आणि ऐकलेले वीस टक्के लक्षात ठेवतो’ अशी चढती आकडेवारी कोणी आपल्यासमोर ठेवली तर ती स्वीकारू नये. ती शिक्षणतज्ज्ञ एडगर डेल यांच्या १९४६ मधील ‘अनुभवांचा शंकू’ या आकृतीच्या नावावर खपवली जाते, पण त्यांच्या मूळ आकृतीत टक्केवारीच नव्हती.

प्रतिसाद २ : देखभाल_पर्यवेक्षक

वरचा प्रतिसाद पटला. मी देखभाल विभागातून लिहितो आहे, त्यामुळे फक्त लॉकआउटविषयी बोलतो.

सर्वसाधारण मॉड्यूलमध्ये एक नमुन्याचे यंत्र, एक स्विच आणि एक कुलूप दाखवतात. प्रत्यक्षात एकाच यंत्राला विजेबरोबर दाबाखालची हवा आणि हायड्रॉलिक तेलही असते, आणि ती बंद करण्याच्या जागा तीन वेगवेगळ्या बाजूंना असतात. मुख्य स्विच बंद करून कुलूप लावल्यावरही संचायकात (दाबाखालचे तेल साठवणाऱ्या टाकीत) दाब राहतो, कपॅसिटरमध्ये विद्युतभार राहतो, स्प्रिंग ताणलेली असते, वर उचललेला भाग स्वतःच्या वजनाने खाली येऊ शकतो. आपल्या सुपरवायझरांनी विचारलेला प्रश्न म्हणूनच अचूक आहे, आणि त्याचे उत्तर त्या विशिष्ट यंत्राजवळ उभे राहिल्याशिवाय शिकता येत नाही. तरीही या कामात व्हिडिओ निरुपयोगी नाही. आपल्याच यंत्रावर, आपल्याच माणसाने करून दाखवलेल्या पद्धतीचा लहान व्हिडिओ साध्या फोनवर चित्रित करून यंत्राजवळ क्यूआर कोडने उपलब्ध ठेवला, तर बाहेरून विकत घेतलेल्या झगमगीत मॉड्यूलपेक्षा तो कितीतरी अधिक कामाला येतो. यंत्रात बदल झाला की तो व्हिडिओ त्याच आठवड्यात बदलावा, नाहीतर तोच धोका होऊन बसतो.

कौशल्य तपासण्याची रीत नवी शोधण्याची गरज नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेत ‘ट्रेनिंग विदिन इंडस्ट्री’ या कार्यक्रमात काम शिकवण्याच्या चार पायऱ्या ठरवल्या गेल्या : शिकणाऱ्याची तयारी करून घेणे, काम करून दाखवणे व समजावणे, त्याच्याकडून करून घेणे आणि नंतर पाठपुरावा करणे. ऑनलाइन मॉड्यूल यातील पहिली पायरी आणि दुसरीचा काही भाग सांभाळते. तिसरी पायरी मी अशी करून घेतो की शिकणारा प्रत्येक कृती करताना ती का करतो आहे हे मोठ्याने सांगतो आणि मी मध्ये बोलत नाही. जो फक्त क्रम पाठ करून आला आहे तो ‘का’पाशी अडखळतो. बहुतेक जण एका ठिकाणी हमखास अडतात : कुलूप लावल्यानंतर यंत्र सुरू करण्याचे बटण दाबून ते खरोखर सुरू होत नाही ना याची खात्री करणे, आणि त्यानंतर ते नियंत्रण पुन्हा बंद स्थितीत आणणे. पडद्यावर ही एक ओळ असते आणि वाचताना ती क्षुल्लक वाटते. काम करताना जीव तिच्यावर अवलंबून असतो.

एक गोष्ट मात्र व्यवस्थापनाकडून आधी लेखी मान्य करून घ्यावी. ही तपासणी सुपरवायझरने करायची असेल, तर त्याच्या पाळीच्या नियोजनात तिच्यासाठी वेळ धरलेला असला पाहिजे. वेळ न देता जबाबदारी दिली, की मॉड्यूलवरच्या ‘पूर्ण’ नोंदीसारखीच चेकलिस्टवरही न पाहता सही होऊ लागते, आणि मग आपल्याकडे दोन खोट्या नोंदी तयार होतात.

प्रतिसाद ३ : रात्रपाळी_ऑपरेटर

येथे सर्वजण शिकवणाऱ्यांच्या बाजूने लिहीत आहेत, म्हणून शिकणाऱ्याच्या बाजूने थोडे लिहितो.

वर्गातले प्रशिक्षण आमच्यासाठी चांगलेच होते असे गृहीत धरू नये. ते नेहमी दिवसा असायचे आणि रात्रपाळी संपवून तारवटलेल्या डोळ्यांनी आम्ही मागच्या रांगेत बसायचो. प्रशिक्षक भराभर बोलत असे, आणि न समजलेले सर्वांसमोर विचारण्याचा संकोच वाटत असे. आता तोच भाग मला थांबवून, मागे नेऊन, हवा तितक्या वेळा पाहता येतो. हा फायदा खरा आहे आणि तो काढून घेऊ नये.

अडचणी मजकुराच्या बाहेर आहेत. मॉड्यूल ‘कधीही, कुठेही’ करता येते याचा व्यवहारातला अर्थ बहुधा ‘घरी, स्वतःच्या वेळेत, स्वतःच्या फोनवर’ असा होतो. कामासाठी लागणारे प्रशिक्षण कामाच्या वेळेत आणि पगारी वेळेत व्हावे, ही मागणी अवाजवी नाही. कामाच्या जागी संगणक असला तरी तो सामायिक असतो, यंत्रांच्या आवाजात निवेदन ऐकू येत नाही आणि व्हिडिओला मथळे, म्हणजे निवेदन पडद्यावर लेखी दाखवणाऱ्या ओळी, नसतात. ज्यांना कमी ऐकू येते त्यांना तर मथळ्यांशिवाय गत्यंतरच नाही. आणि शंका आली तर विचारायचे कोणाला? मॉड्यूलच्या पहिल्याच पानावर एका खऱ्या माणसाचे नाव आणि तो कोणत्या पाळीत भेटेल हे लिहिलेले असावे. आमच्यातले लोक ‘पुढे’ दाबत राहतात त्याचे एक कारण हेही आहे की अनेक मॉड्यूल दरवर्षी शब्दशः तीच असतात. ज्याला येते त्याला आधी चाचणी देऊन ते सिद्ध करू द्यावे आणि जे येत नाही तेवढेच शिकवावे.

प्रतिसाद ४ : एलएमएस_व्यवस्थापक

‘पूर्ण’ या नोंदीचा तांत्रिक अर्थ स्पष्ट करतो, कारण तो माहीत नसल्यामुळे अहवाल वाचणाऱ्यांची फसगत होते.

मॉड्यूलने एलएमएसला कोणती माहिती कशी पाठवायची याची मानके असतात, आणि अजूनही अनेक मॉड्यूल २००१ मध्ये आलेल्या स्कॉर्म १.२ या मानकानुसार तयार होतात. त्यात स्थिती नोंदवण्यासाठी एकच रकाना आहे, आणि ‘पूर्ण’, ‘उत्तीर्ण’, ‘अनुत्तीर्ण’, ‘अपूर्ण’ अशा मूल्यांपैकी एकच त्यात बसते. मॉड्यूल बनवणाऱ्याने शेवटची स्लाइड उघडली की ‘पूर्ण’ पाठवायचे असे ठरवले असेल, तर प्रणाली तेवढेच जाणते. स्कॉर्म २००४ मध्ये पूर्णता आणि यश यांचे रकाने वेगळे झाले. आपण प्रथम आपल्या प्रत्येक मॉड्यूलमध्ये ‘पूर्ण’ ही नोंद नेमकी कोणत्या घटनेवर होते, हे पुरवठादाराकडून लेखी मागवावे. उत्तर बहुतेक वेळा धक्का देणारे असते.

‘पुढे’ हे बटण ठरावीक सेकंद रोखून धरण्याचा उपाय कोणी सुचवला तर तो नाकारावा. त्याने लक्ष वाढत नाही, चीड वाढते. त्याऐवजी प्रश्नांचा मोठा साठा करून प्रत्येक वेळी वेगळे प्रश्न द्यावेत, आणि कोणत्या प्रश्नावर किती जण अडले आणि कोणता चुकीचा पर्याय निवडला गेला, हा अहवाल दरमहा काढावा. एकाच चुकीच्या पर्यायावर पुष्कळ लोक जात असतील, तर शिकवण्यात किंवा प्रश्नात काहीतरी सदोष आहे.

सुपरवायझरने यंत्राजवळ केलेली तपासणीही प्रणालीत नोंदवता येते. २०१३ मध्ये आलेल्या एक्सएपीआय या मानकात कर्ता, क्रिया आणि कर्म अशा रूपातील विधाने साठवली जातात, त्यामुळे ‘अमुक व्यक्तीने अमुक यंत्रावर लॉकआउट करून दाखवले’ अशी नोंद फोनवरील चेकलिस्टमधूनही जाऊ शकते. ही सोय नसेल तर अभ्यासक्रमाचे दोन भाग करावेत आणि दुसरा भाग केवळ मूल्यमापन करणाऱ्याच्या लॉगिनमधूनच पूर्ण होईल अशी व्यवस्था करावी. बहुतेक एलएमएसमध्ये हे जमते.

मापनाच्या चौकटीसाठी डोनाल्ड कर्कपॅट्रिक यांनी १९५९ पासून मांडलेल्या चार पातळ्या आजही उपयोगी आहेत : शिकणाऱ्याची प्रतिक्रिया, शिकणे, कामातील वर्तन आणि परिणाम. आपली प्रणाली आज पहिल्या दोन पातळ्यांशीच थांबते. तिसऱ्या पातळीची माहिती एलएमएसमध्ये आपोआप तयार होत नाही, ती शॉप फ्लोअरवरून आणावी लागते.

प्रशिक्षण_समन्वयक

सर्वांचे मनापासून आभार. लॉकआउटचा मार्ग आता स्पष्ट झाला आहे. रात्रपाळीतील मित्रांनी मांडलेले पगारी वेळेचे आणि मथळ्यांचे मुद्दे मी प्रस्तावात सर्वांत वर घेणार आहे. एक शंका उरते. नव्या सुपरवायझरांच्या संवादकौशल्याच्या कार्यक्रमात यंत्र नाही आणि चेकलिस्टही सहज बनत नाही. तिथे काय करावे?

अभ्यासक्रम_रचनाकार

तिथे सराव अधिकच महत्त्वाचा ठरतो, कारण उशिरा येणाऱ्या सहकाऱ्याशी कसे बोलावे हे व्हिडिओ पाहून सर्वांनाच समजते आणि प्रत्यक्ष बोलताना फार थोड्यांना जमते. मुख्य संकल्पना मॉड्यूलमध्ये ठेवाव्यात आणि त्यानंतर सहा ते आठ जणांच्या गटाची थेट सत्रे घ्यावीत. ती व्हिडिओ कॉलवर घेतली तरी चालतात, मात्र प्रत्येकाला बोलण्याची पाळी येईल इतका गट लहान हवा. एकाने सुपरवायझर व्हावे, दुसऱ्याने कर्मचारी, तिसऱ्याने फक्त निरीक्षण करून काय ऐकले ते सांगावे. दोन सत्रांमध्ये काही आठवड्यांचे अंतर ठेवून मधल्या काळात एक खरे संभाषण करून येण्याचे काम द्यावे, आणि पुढच्या सत्राची सुरुवात त्याच्या वृत्तान्ताने करावी.

बाल्डविन आणि फोर्ड यांनी १९८८ मध्ये प्रशिक्षण कामात उतरण्यामागचे तीन घटक सांगितले : शिकणाऱ्याचे गुण, प्रशिक्षणाची रचना आणि कामाचे वातावरण. आपल्या हातात प्रामुख्याने दुसरा घटक असतो. तिसऱ्यासाठी त्या सुपरवायझरच्या वरिष्ठांना कार्यक्रमात ओढावे लागेल. त्यांनी आधी दहा मिनिटे बसून ‘या कार्यक्रमातून तुम्ही काय घेऊन यावे अशी माझी अपेक्षा आहे’ हे सांगावे आणि नंतर त्याविषयी विचारावे, एवढे जरी झाले तरी फरक दिसतो. वरिष्ठ यासाठी तयार नसतील, तर हा कार्यक्रम ऑनलाइन चालवा की वर्गात, त्यावर खर्च करण्यापूर्वी मी त्यांच्याशीच आधी बोलेन.

देखभाल_पर्यवेक्षक

एकच जोड. लॉकआउटचा प्रयोग सर्व विभागांत एकदम सुरू करू नका. ज्या विभागातील सुपरवायझरला यात रस आहे तिथून आरंभ करा, आणि तपासणीत कोण कुठे अडखळले याच्या नोंदी शिक्षेसाठी वापरल्या जाणार नाहीत, हे पहिल्याच दिवशी सर्वांसमोर जाहीर करा. नाहीतर कोणीही अडखळलेले दाखवणार नाही. त्या नोंदी माझ्यासारख्या देखभालीच्या माणसाकडेही द्या, कारण जिथे बरेच जण अडतात तिथे कधी कधी दोष माणसांत नसतो. ऊर्जा बंद करण्याची जागाच चुकीच्या ठिकाणी असते किंवा तिच्यावर खूण नसते, आणि ते दुरुस्त करणे आमचे काम आहे.